उझ्माच्या नाकाचं ड्रॉइंग आणि अनिसची सही

आमच्या निगडीच्या घराच्या वरच्या मजल्यावर अनिस तांबोळी सतरा वर्षं भाड्याने राहतो. चाकणच्या एका कारखान्यात तो तपासनीस आहे. तिथे गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तयार होतात आणि अनिस ते मोजतो. काम काय करतोस, असं कोणी विचारलं की तो सांगतो, "मी 'नाही' म्हणायचं काम करतो."

तो मूळचा बार्शीकडचा. आयटीआय करून इकडे आला, काही वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभा राहिला, मग क्वालिटीत गेला. माझ्याकडे राहायला आला तेव्हा बायको साबिया आणि सहा महिन्यांची उझ्मा बरोबर होती. सामान फारसं नव्हतं, पण लाकडी पेटीत, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक व्हर्नियर होता. व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरचाही बारीक भाग मोजणारी स्टीलची पट्टी, दोन जबड्यांची. पहिल्या दिवाळीला मी चकल्या पाठवल्या, तर हा पठ्ठ्या व्हर्नियर घेऊन खाली आला आणि गंभीरपणे म्हणाला, "काकू, पहिला घाणा नऊ एमएम, दुसरा आठ. सोऱ्यावर हात हलका पडतोय." आमचे हे तेव्हा हयात होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अनिसची दुसरी गोष्ट म्हणजे त्याची सही. ती मिळवणं अवघड. भाडेकराराची नऊ पानं तो दर वेळी शब्दन्‌शब्द वाचतो आणि एजंट घड्याळाकडे बघत बसतो. उझ्माच्या प्रगतिपुस्तकावरची बेरीज स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही. एकदा बेरीज चुकलेली निघाली आणि बाईंनी दोन गुण वाढवून दिले. याचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं. फार वर्षांपूर्वी महिनाअखेरीला वरिष्ठांनी घाई केली आणि एका लॉटवर त्याने न तपासता ओकेची सही केली. पूर्ण लॉट परत आला. आठ दिवस उभं राहून त्याने एकेक तुकडा निवडला. "तेव्हापासून काकू, जे माझ्या हाताखालून गेलं नाही, त्यावर माझं नाव नाही."

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या जूनमध्ये त्याच्यासमोर सहीसाठी एक कागद आला. तो हाताखालून घालून बघण्यासारखा नव्हता.

उझ्मा तेव्हा सतरा वर्षांची, मेकॅनिकलच्या डिप्लोमाची दोन वर्षं संपलेली. मुलगी हुशार, बोलायला धारदार. तिचं नाक अनिसच्या आईवर गेलेलं आहे. मधोमध उंचवटा आणि पुढे किंचित वाकलेलं. कॉलेजात एकाने म्हणून ठेवलं होतं, "आधी नाक वर्गात येतं, मग उझ्मा." स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत तेच वाक्य टाकून कोणीतरी तो सगळ्यांना पाठवला. त्यानंतर ती बाजूने फोटो काढू देईना. साबिया तिला घेऊन औंधकडच्या एका सर्जनना भेटून आली. हाडाची वाढ जवळजवळ पूर्ण झालेली दिसते, नाकाचं ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण ती अठराच्या आतली, म्हणून आईबरोबर वडिलांचीही सही हवी. आणि घाईने आणू नका, असंही त्यांनी बजावलं.

तेरा जून, गुरुवार. अनिसच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. सकाळी वर आवाज चढले म्हणून मी चहाचं निमित्त करून गेले. खरं कारण कुतूहल, हे कबूल केलेलं बरं.

टेबलावर डॉक्टरांचा संमतीचा फॉर्म होता आणि शेजारी ए-थ्री कागदावर पेन्सिलीने काढलेलं एक सुरेख ड्रॉइंग. समोरून दृश्य, बाजूने दृश्य, बाणाच्या टोकांमध्ये मापं, खाली चौकटीत नाव. मला आधी कसलातरी यंत्राचा भाग वाटला. मग कळलं, ते नाक होतं. तुटक रेषेत आत्ताचं आणि ठळक रेषेत हवं असलेलं.

"काकू, बघा," अनिस म्हणाला. "पोरीने स्वतःच्या तोंडाचं ड्रॉइंग काढलंय. आणि टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते, एकाही मापाला नाही."

"अब्बा, विषय टॉलरन्सचा नाहीये!"

"विषय तोच असतो. हे ठळक रेषेतलं माप आणलंस कुठून?"

"वर्गातल्या वीस मुलींच्या फोटोंवरून. सरासरी काढली."

"म्हणजे हे नाक कोणाचंच नाही."

"हे नाक आमच्या सासूबाईंचं आहे," साबिया भांडी आवरता आवरता म्हणाली. "त्यांना शोभायचं. त्या चार गावांत हुकूम चालवायच्या. ह्या पोरीला कॉलेजात जायचंय."

"आमच्या अम्मीच्या नाकाला नाव ठेवू नकोस."

"मी कुठे ठेवलं? कॉलेजने ठेवलं!"

उझ्माकडे दुसराही कागद होता. जानेवारीपासून दर महिन्याला तिने बापाच्या व्हर्नियरने आपल्या नाकाची लांबी मोजून तक्ता केला होता. जानेवारीत सेहेचाळीस पूर्णांक दोन, मेमध्ये सत्तेचाळीस पूर्णांक नऊ. चार महिन्यांत जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर. "वाढतंय," ती म्हणाली, आणि आवाजातली धार एकदम गेली. "डॉक्टर म्हणतात वाढ झाली, पण हे थांबतच नाहीये आजी. अजून दोन वर्षांनी कसं दिसेल?"

तेव्हा मला समजलं की ही मुलगी हट्ट करत नव्हती, घाबरली होती. आईच्या आरशावर तिचा विश्वास नव्हता. वडिलांच्या व्हर्नियरवर होता, कारण लहानपणापासून त्या घरात तोच खरं सांगत आला होता.

अनिसने तक्ता उचलला. तो म्हणाला, "एकाच माणसाचं रीडिंग कंपनीत धरत नाहीत. तीन माणसं, तीन-तीन रीडिंग, एकमेकांचं बघायचं नाही. बस स्टुलावर."

"अब्बा, खरंच?"

"जॉबने बोलायचं नाही. मोजायचा तुकडा बोलतो का कधी?"

अशी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी नाक मोजण्याची वेळ माझ्यावर आली. थंडगार जबडे, त्यांच्यामध्ये सतरा वर्षांची घामेजलेली, उष्ण मुलगी. आकडे अनिसने एका चिठ्ठीवर लिहून घेतले. अनिसचे आकडे पंचेचाळीस ते सत्तेचाळीस. साबियाचे त्रेचाळीसच्या आसपास. माझे एक्कावन्न.

"आजी!" उझ्मा ओरडली. "तुम्ही कपाळापासून मोजताय!"

"मग नाक सुरू कुठून होतं?" मी विचारलं. अगदी प्रामाणिक प्रश्न होता. पंच्याहत्तर वर्षं आरशात पाहत आले, पण नाक नक्की कुठे सुरू होतं याचा मी कधी विचार केला नव्हता.

जॉब हसत सुटला. साबियाही. अनिस हसला नाही. त्याने तक्ता आणि चिठ्ठी शेजारी ठेवली. "बघ. एकाच सकाळी आठ एमएमचा फरक. कुठून सुरू करायचं ते ठरलेलं नाही, आणि माल मऊ. मऊ मालाला व्हर्नियर लावला की तो आपल्या अंगठ्याचा जोर सांगतो. पहिल्या वर्षी मीही रबराच्या बूशचा लॉट असाच रिजेक्ट केला होता. बेटा, नाक वाढत नाहीये. तुझा हात बदलतोय."

उझ्माने तक्ता पुन्हा पाहिला. तिचे खांदे खाली आले. सुटका झाल्यासारखी दिसली, पण ती अनिसचीच मुलगी. "बरं. वाढत नाही. हे मान्य. पण आहे ते आहेच ना? वर्गात काय बोलतात ते तुम्ही मोजलंत का?"

अनिसने भलताच आधार घेतला. "शरीराला सुरी लावायची म्हणजे लहान गोष्ट आहे का? या वयात?"

"माझे कान टोचले तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. तेव्हा कुठे होता फॉर्म?"

सोनाराला मीच बोलावलं होतं. माझ्याच ओसरीवर, मीच तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. मी चहाच्या कपात पाहू लागले.

सतराव्या वर्षी हे असलं काही करू द्यावं का, याबद्दल तोवर माझं मत पक्कं होतं. नाही. पण सतराव्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं आणि ते वय कोणाला लहान वाटलं नव्हतं. शिवाय माझ्या डाव्या करंगळीच्या मुळाशी एक पांढरी रेघ आहे. तिथे सहावं बोट होतं. कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, याचा वाजवताना फायदाच होईल. तेराव्या वर्षी पपांनी ते काढून टाकवलं, स्थळं बघताना अडचण नको म्हणून. मी ती रेघ उझ्माला दाखवली. तिने बोट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"दुखलं?"

"आठवत नाही. माझ्या तेव्हाच्या डायरीत 'इस्पितळ, मग आइस्क्रीम' एवढंच आहे."

"परत हवं वाटतं?"

"नाही. पण तेव्हा मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते जाणून घ्यायला आवडेल."

अनिस माझ्या हाताकडे बघत होता. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि मसाल्याच्या बरणीला बांधलेलं एक पिवळं पुठ्ठ्याचं टॅग सोडवून घेऊन आला. त्याच्या कारखान्यात हिरवं टॅग म्हणजे माल चांगला, लाल म्हणजे बाद. पिवळं म्हणजे होल्ड, अजून ठरलेलं नाही. ना पुढे जायचं, ना फेकायचं. साबिया रिकामी टॅगं बरण्यांना नावं घालायला वापरते. त्याने 'धने' खोडलं आणि मागच्या बाजूला रकाने भरायला घेतले.

"होल्डला तारीख लागते," उझ्मा लगेच म्हणाली. "आम्हाला शिकवलंय. नाहीतर माल कोपऱ्यात सडतो."

"एकवीस नोव्हेंबर." तो तिचा अठरावा वाढदिवस.

"आणि कारण?"

अनिसने लिहिलं: माप भरवशाचं नाही. उझ्माने पेन ओढून ते खोडलं आणि लिहिलं: ग्राहकाची मंजुरी बाकी.

"ग्राहक कोण?"

"मी. माल कोण वापरणार?"

साबिया म्हणाली, "घ्या. तुमचीच मुलगी." अनिस शेवटच्या रकान्यावर आला. तिथे निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. बावीस वर्षं तिथे त्याचं नाव आहे. त्याने सावकाश लिहिलं: उझ्मा अनिस तांबोळी. फॉर्मवर मात्र त्याने सही केली नाही. "हे माझ्या हाताखालून गेलेलं नाही," तो मला म्हणाला. "आणि वर्गात काय बोलतात, ते माझ्याने मोजवत नाही."

टॅग पाच महिने फ्रिजवर होतं. मी भाड्याची पावती द्यायला गेले की नजर तिकडेच जायची. त्या काळात उझ्मा दोनदा एकटी डॉक्टरांकडे गेली. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात तिने वर्गातल्या त्या मुलाला काहीतरी सुनावलं. काय, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी तीन वेळा विचारलं.

एकवीस नोव्हेंबरलाही गुरुवारच होता. शीरखुर्मा खाऊन झाल्यावर अनिसने टॅग काढून टेबलावर ठेवलं. "तारीख संपली. निर्णय, नाहीतर मुदतवाढ. दोन्हीला सही लागेल."

"तुमची?"

"रकाना वाच."

उझ्माने पेन घेतलं. तारखेपुढे तिने लिहिलं: शेवटच्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत. कारणापुढे लिहिलं: घाई नाही. मग सही केली. मोठी, गिचमिड, कोणालाही वाचता न येणारी. बापाने टॅग उजेडात धरलं, मागून-पुढून पाहिलं, आणि बेरीज तपासावी तसं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं.

"ठीक आहे?" तिने विचारलं.

"सही सुधार," अनिस म्हणाला, आणि टॅग परत फ्रिजवर लावून आला.