शेळीनं छाटलेला मोगरा

बाग करू पाहणाऱ्याला मी आधी एकच सांगते: माया आवरा. कुंडीतली निम्मी झाडं पाण्यावाचून मरत नाहीत, पाण्यानं मरतात. मातीत बोट खुपसावं, ओल लागली तर गुपचूप खाली येऊन कॉफी प्यावी.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं पिढ्यांपासूनचं मराठी घर, आणि घरावर माझी गच्ची. नोकरीतून सुटले तेव्हापासून तिथं माझं राज्य आहे. वांग्याच्या शेजारी झेंडू लागतोच. कढीपत्त्याला आंबट ताक लागतं. तांदूळ धुतलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं की मी त्या माणसाशी दिवसभर बोलत नाही. पडवळ वाकडं वाढायला लागलं की त्याच्या टोकाला दोरीनं दगड बांधायचा, आपोआप सरळ होतं. आमच्या मांडवाखाली असे दगड लोंबत असतात आणि कपडे वाळत घालायला वर गेलेला माणूस बहुधा कपाळ चोळत खाली येतो. मी आधीच बजावलेलं असतं, त्यामुळे मला कुणाची दया येत नाही.

पण माझा खरा जीव मोगऱ्यात. तिरुवैयारूहून आणवलेला कावेरीचा गाळ, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मूठभर निंबोळी पेंड, असं भरून अर्धे कापलेले ड्रम कठड्याशी ओळीनं ठेवलेत. मोगऱ्याचं शास्त्र अगदी सोपं आहे. थंडीत त्याचं पाणी तोडायचं आणि मग मन घट्ट करून छाटायचा. फूल येतं ते नव्या फुटीला. छाटला नाही तर झाड नुसतं पानांनी माजतं आणि कळ्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर सुनेला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी खिळ्यावरची माझी छाटणीची कात्री काढून स्वतःच्या ट्रंकेत कुलपात घातली.

“घरांत गर्भार पोरगी अस्तां झाडाला कात्री लावूं नये,” त्या म्हणाल्या. “मोडायचंही नोको.”

हा नियम आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो नुसता झाडांपुरता नाही. होणाऱ्या बापानंही केस कापायचे नाहीत. माझ्या मुलाचे केस मानेवर रुळायला लागले, ऑफिसातले लोक त्याला पळनीच्या देवाला केस वाहायचा नवस आहे का विचारू लागले. वांगी, पडवळ हातानं पिरगळून काढायची. कढीपत्ता स्वैपाकापुरता, पान पान खुडायचा, डहाळी तोडायची नाही. इथपर्यंत मी सगळं मुकाट्यानं ऐकलं. लहान मुलाच्या येण्यासाठी माणूस काय करत नाही?

अडलं ते डोहाळ्यापाशी. सुनेला ना चिंच हवी होती, ना कैरी. बाजारातली मल्ली, म्हणजे मोगराच, घरात आली की प्लास्टिकच्या पिशवीच्या त्या कुबट वासानं ती न्हाणीघराकडे पळायची. पण गच्चीवर उशिरानं उमललेलं एखादं फूल नाकाशी धरून तासभर बसायची. आमच्याकडे सासू काय, आजेसासू काय, दोघी आत्याबाईच; एकदा जेवताना ती सासूबाईंना म्हणाली, “आत्याबाई, मला सातव्या महिन्यांत वाडी घालाल तेव्हां आपल्या वरच्या मल्लीचीच घाला की. दुसरं मला कांही नोको.”

आमच्याकडे डोहाळजेवणात तमिळ शेजारणींसारख्या काचेच्या बांगड्याही भरतात आणि आपली फुलांची वाडीही असते. वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. तेवढी फुलं द्यायची तर प्रत्येक ड्रम भरभरून फुलायला हवा. त्यासाठी छाटणी आत्ताच हवी, आणि कात्री ट्रंकेत. डोहाळा अपुरा ठेवू नये, हेही सासूबाईंचंच म्हणणं. त्या स्वतःच्याच दोन नियमांत अडकल्या, आणि खरं सांगायचं तर मला जरा गंमत वाटली.

मी गच्चीवर त्यांना गाठलं. आवाज चढवूनच म्हणाले, “आत्याबाई, हे सगळं थोतांड आहे. मोगरा छाटल्यानं कुणाचं काय होतंय?”

त्या मोगऱ्याची पानं कुरवाळत उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलल्या. “तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक राहिलं होतं. मुलगी. मी अंगणांतल्या मुरुंग्याची फांदी कापली होती, शेंगा हाताला येत नव्हत्या म्हणून. तिसऱ्या दिवशी पोटांतलं हलायचं थांबलं. कोण काय म्हणालं नाही. मीच म्हणाले.”

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. शेवग्याच्या एका फांदीचा असा हिशेब त्या आयुष्यभर वाहत आल्या होत्या. मला रडू आलं. कात्रीचं नाव मी पुन्हा काढलं नाही. वाडीला बाजारातून कागदाची फुलं आणू, असंही मनाशी ठरवून टाकलं.

तोड काढली सुनेनं. सकाळी कॉफी पिताना तिनं अगदी भोळा चेहरा करून विचारलं, “आत्याबाई, शेळीनं खाल्लं तर?”

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. “भुकेल्या जनावराला नोको कसं म्हणायचं?” त्या म्हणाल्या. “आणि शेळीला कोण सांगणार, घरांत गर्भार आहे म्हणून?”

गल्लीच्या टोकाला एक बाई शेळ्या पाळते. “अक्का, तुमची एक शेळी आमच्या गच्चीवर पाठवा,” असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. मुलानं शेळी पुढून ओढली, मी मागून ढकलली, आणि त्या अरुंद जिन्यातून आमची वरात वर पोचली. शेळीनं मोगऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट झेंडूवर गेली. झेंडू संपवून वालाच्या वेलावर गेली. मी किंचाळत होते, मुलगा केस सावरत दोरी ओढत होता, सून कठड्याला टेकून पोट धरून हसत होती आणि सासूबाई तिला “हळू हस, हळू हस” म्हणताना स्वतःच हसत होत्या. अखेर आखूड दोरीनं शेळीला एकेका ड्रमापाशी बांधलं. मग मात्र तिनं प्रामाणिकपणे काम केलं. कोवळे शेंडे, पानं, सगळं साफ. माझ्या कात्रीनं मी इतकी निष्ठुर छाटणी कधी केली नसती.

पुढचं माझं काम. पाणी आणखी थोडे दिवस तोडलं, मग माती उकरून पेंड घातली, आणि मग एकदाच पोटभर पाणी दिलं. आठवडाभर नुसत्या काटक्या. मी रोज पहाटे जाऊन बघायची आणि शेळीला मनातल्या मनात शिव्या घालायची. मग एका सकाळी काटक्यांच्या प्रत्येक डोळ्यातून हिरवी फूट बाहेर आलेली दिसली आणि मी गच्चीवरूनच सगळ्यांना हाका मारल्या. ऊन तापायला लागलं तशी फुटीच्या टोकांना कळ्यांची झुबकीच्या झुबकी लागली.

वाडीच्या दिवशी दुपारी आम्ही ओंजळी भरभरून कळ्या खाली आणल्या. पाटावर सून बसली होती, हातभर बांगड्या, आणि शेजारणी चटईवर केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं गजरे गुंफत होत्या. सासूबाई सगळ्यांत भरभर गुंफत होत्या. सातवा महिना लागला तरी दृष्ट लागेल म्हणून त्यांनी सुनेच्या पोटाला एकदाही हात लावला नव्हता. बाजूबंद बांधायला त्या पुढं वाकल्या तेव्हा सुनेनं त्यांचं मनगट धरलं आणि तळहात पोटावर ठेवला.

“पाहा आत्याबाई, कसं लाथा मारतंय.”

सासूबाईंनी हात ओढून घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि चेहराभर हसू पसरलं.

“हलूलालंय गं,” त्या म्हणाल्या. “जितं आहे. हलूलालंय.”

कळ्यांचा ढीग त्यांच्या पुढ्यात तसाच पडून राहिला. उरलेली वाडी आम्हीच गुंफली.