धोंडू सरांचा दुपारचा तास

खांब गावी धोंडू सरांच्या घरी कुणीही गेलं, तरी चहाच्या आधी त्याला बाहेर बसावं लागे. खळ्याच्या कडेच्या दगडी ओट्याकडे बोट दाखवून सर म्हणत, "बस. बोलू मागाहून." मग स्वतःही शेजारी बसत आणि समोरच्या खाचरांकडे बघत राहत. पाहुण्याने तोंड उघडलं की हात वर करत. नव्या माणसाला वाटे, घरात काहीतरी भांडण झालंय. थोड्या वेळाने काकी, म्हणजे सरांची बायको, चहा घेऊन बाहेर येई आणि सांगे, "घाबरू नका हो. लग्नात पण असेच बसलेले. माझ्या बापाला वाटलं, मुका जावई गळ्यात पडला."

"आईबापांनी नाव ठेवलं धोंडू," सर म्हणत. "जागेवर बसण्यात आपला हात कोण धरील?"

पेणच्या शाळेत ते आम्हांला भूगोल शिकवायचे. नकाशा फळ्यावर टांगत, पण त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघतच शिकवत. दर मे महिन्यात आम्हां खारेपाटातल्या वीसेक मुलामुलींना ते आपल्या गावी नेत आणि त्याला शिबिर म्हणत. शिट्टी नाही, कवायत नाही, बक्षीस नाही. रात्री खळ्यात ओळीने झोपायचं, सकाळी डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालायचं, मग नदीवर. काकींनी दिलेला भात आणि वालाचं बिरडं नदीकाठीच खायचं. जेवणं झाली की सर म्हणत, "चला, आपापल्या जागेवर." प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपली एक जागा निवडलेली असे, एकमेकांपासून लांब. तिथे तासभर बसायचं. काही करायचं नाही.

"सर, कंटाळा आला," कुणीतरी ओरडे.

"आला? येऊ दे. त्याला पण बसायला जागा दे."

"सर, बघायचं काय?"

"तू बघू नको. तू नुसता बस. दिसायचं ते दिसल."

आम्ही खाडीकाठची मुलं. पाणी आम्हांला नवं नव्हतं, पण आमचं पाणी खारं. प्यायचं पाणी लांबून हंड्याने आणायचं, तेही उन्हाळ्यात जपून. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एका मुलीने कुंडलिका नदीचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "गोडं हाय रे. सगलं गोडं हाय." एवढ्या पाण्यात म्हशी डुंबताहेत आणि कुणी त्यांना हाकलत नाही, हे आम्हांला पटेना.

मी सातवीत होतो त्या वर्षीची गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत, आणि मीही इतकी वर्षं ती नीट कुणाला सांगितलेली नाही.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. मे महिना म्हणजे मिठाचा हंगाम. पाऊस लागायच्या आत मीठ ओढून राशीला लावायचं असतं. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली फळी ओढत होतो. त्या वर्षी सर आमच्या घरी मला मागायला आले. आई दारातच म्हणाली, "मीठ वर आलंय सर. पोरगा हाताशी नको?"

बाबा पाय धूत होते. ते म्हणाले, "मिठाचं मी बघतो गो. जाऊ दे त्याला. सालभर खारा वारा खातंय पोरगं. चार दीस गोडं पानी पिऊ दे."

सर म्हणाले, "आठवड्यात आणून सोडतो."

"आठवडा कशाला, चांगला दहा दीस ठेवा. घरात खातंय बी लय," बाबा म्हणाले आणि हसले. मला त्यांचं हसणं आठवतं ते हे शेवटचंच.

शिबिराच्या मधल्याच एका दिवशी ते सकाळी मिठागरावर काम करता करता खाली बसले आणि उठले नाहीत. हायवेवरच्या एका हॉटेलात फोन होता, तिथे निरोप आला. हॉटेलातला माणूस सायकल मारत नदीवर पोहोचला, तेव्हा आमची जेवणं नुकतीच झाली होती आणि आम्ही आपापल्या जागेवर जाऊन बसलो होतो. माझी जागा म्हणजे पाण्यावर वाकलेल्या एका करंजाचं मूळ. मी नदीकडे तोंड करून बसलेला. मला काहीच दिसलं नाही.

सरांनी मला उठवलं नाही. तास संपेपर्यंत ते माझ्या मागे, थोडं लांब, बसून राहिले. मग येऊन माझ्या शेजारी मुळावर बसले आणि म्हणाले, "तुझे बाबा गेले. सकाळी, मिठागरावरच. चल, आपण दोघं जाऊ." आडवळण नाही, 'बरं नाही' वगैरे खोटं नाही. एस्टीत सगळा रस्ता त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. नागोठण्याला माझ्यासाठी सरबत घेतलं. मी ते प्यायलो, आणि गोड लागलं म्हणून मला लाज वाटली.

सर भातशेतीचे माणूस. ऊन, पाऊस, वारा, सगळं ते आभाळ बघून सांगत, पण भरतीचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आमच्या गावचं स्मशान खाडीच्या बांधापलीकडे आहे. भरती आली की तिकडची वाट पाण्याखाली जाते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, उधाण अजून उतरलं नव्हतं. आमच्याकडे सकाळी कुणी गेलं, तर घरातली रड थांबायच्या आत म्हातारी माणसं पाण्याचा हिशेब करतात. त्या दिवशीही केलेला होता. पाणी चढायच्या आत थोरला मुलगा, म्हणजे मी, पोहोचेल, अशी सगळ्यांची अटकळ होती. आम्ही पोहोचलो तेव्हा वाटेवर गुडघाभर पाणी होतं आणि चढत होतं.

माझे काका अंगणात उभे होते. त्यांनी सरांना विचारलं, "निरोप कवा भेटला तुमाला?"

सर 'उशिरा' म्हणू शकले असते. 'गाडी मिळाली नाही' म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "जेवणं झाली तेव्हा."

"मग इतका वेल काय करत व्हते?"

"तो बसलेला. मी उठवला नाय."

"बसलेला? बाप हितं पडलाय आनि पोरगा नदीवर बसलेला?" काकांचा आवाज चढला. "मास्तर, तुमी मानूस हाय का कोन? आता पानी उतरपर्यंत भावाला असाच ठेवू? मीठ ओढायच्या दिसात पोरगा नेला, आनि आता वर हे."

"चूक झाली," सर म्हणाले. "पाण्याचं माझ्या लक्षात नाय आलं."

सर जाऊन बांधावर, उन्हातच बसले. त्यांना कुणी पाणी विचारलं नाही.

पाणी उतरायला दिवस मावळतीला आला. तोवर मी बाबांजवळ बसून होतो. बायका रडून थकल्या, पुरुष बाहेर बिड्या ओढत होते, मला करायला काही नव्हतं. शिबिरात बसायचो तसा बसलो, म्हणजे त्याच सवयीने. आणि बाबा मला दिसायला लागले. टाचांच्या भेगांत मीठ भरलेलं होतं, आंघोळ घातली तरी गेलेलं नव्हतं. डाव्या पायाच्या करंगळीला नख नव्हतं. कानाच्या पाळीवर एक तीळ होता, तो मी कधी बघितलाच नव्हता. आज डोळे मिटले की मला बाबा दिसतात ते त्या दुपारचे. त्याआधीचे बाबा माझ्या डोळ्यांपुढे नीट उभे राहत नाहीत, कारण त्याआधी मी त्यांच्याकडे कधी बसून बघितलं नव्हतं.

वाट मोकळी झाल्यावर आम्ही निघालो. चिखलात पाय रुतत होते. सर सगळ्यांच्या मागून चालत होते.

पुढच्या वर्षी आमच्या गावातून कुणी पोरं शिबिराला पाठवली नाहीत. सर तरी आले, आमच्या दाराशी उभे राहिले. काका ओटीवर बसले होते, त्यांनी तोंड फिरवलं. आई आतून माझी पिशवी भरून घेऊन आली आणि म्हणाली, "न्या. त्यांनी पाठवला व्हता, मी काय म्हनून अडवू?" त्या शिबिरातही दुपारचा तास होता. सरांनी तो बंद केला नाही. फक्त एक फरक पडला. शाळेत, रस्त्यात, बाजारात, खाडीकडचा कुणीही भेटला की सर विचारायचे, "आज पाणी कधी?" लोक हसायचे. डोंगराकडच्या मास्तराला भरती कशाला हवी? मासळी बाजारातली एक बाई त्यांना म्हणाली, "सर, होडी घेतली का काय?" सर म्हणाले, "नाय गो. विचारून ठेवलेलं बरं."

मी मोठा झालो, रोह्याच्या एका कंपनीत लागलो. तीन पाळ्या, यंत्रांचा आवाज, ॲसिडचा वास. जेवणाच्या सुट्टीत मी प्लांटच्या मागे, कुंपणालगतच्या झाडाखाली जाऊन थोडा वेळ बसतो. सोबतचे लोक पत्ते खेळतात. "काय रे, समाधी लागली काय? आम्हांला पण गुरूचा पत्ता दे," असं म्हणून त्यांची थट्टा चालू असते. त्या थोड्या वेळावर माझी उरलेली शिफ्ट निघते. घरी चिडचिड करत गेलो की मुलगीच विचारते, "बाबा, आज बसला नाहीत वाटतं?"

रोह्याहून खांब काही लांब नाही. तरी मी सरांकडे फार कमी गेलो. त्यांना भेटलं की ते करंजाचं मूळ आठवे, आणि मूळ आठवलं की मिठागर. मी असतो तर फळी माझ्या हातात असती, बाबा सावलीला बसले असते. हे माझं मीच स्वतःला रोज सांगत आलो आहे.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. त्याच्या थोडे दिवस आधी काकींचा फोन आला, "येऊन जा रे, सारखं तुझं नाव घेतायत." मी गेलो. सर ओट्यावर बसले होते. नजर जवळजवळ गेली होती, माणूस आवाजावरून ओळखत होते. मी शेजारी बसलो. बराच वेळ गेल्यावर तेच बोलले.

"एक विचारायचं राहिलंय."

"विचारा ना सर."

"तुझा काका बोलला त्यात खोटं काय नव्हतं. मी तुला मागून नेला नसता, तर तू बापाजवळ असतास. आणि वर त्या तासाचा उशीर. सायकलवाला आला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू इतका निवांत बसलेलास. वाटलं, आता उठवला की हे पोरगं परत असं बसायचं नाय. म्हणून नाय उठवलं. तो अधिकार मला होता का, ते अजून मला ठरवता येत नाय." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "एवढ्या जवळ राहतोस, येत नायस. म्हटलं, राग असणार."

"राग तुमच्यावर नाही सर," मी म्हणालो. पुढचं मला म्हणवेना, पण म्हणालो. "बाबा तिकडे पडले होते आणि मी इथे मजेत होतो. इतका मजेत मी त्याआधी नव्हतो, नंतरही नाही. तेच मला सोसत नाही."

"काय करत होतास?"

"समोरच्या दरडीत खंड्याचं बीळ होतं. तो मासा घेऊन आत जायचा, रिकाम्या चोचीने बाहेर यायचा. पाय पाण्यात होते. मी मनात ठरवत होतो की मीठ संपलं की बाबांना इथे घेऊन येईन. ह्याच मुळावर बसवीन. पाय पाण्यात सोडायला लावीन, टाचांना बरं वाटेल. आणि म्हणेन, बाबा, आता वाका आणि तोंडानेच प्या."

सरांचा हात ओट्यावर माझा हात शोधत आला.

"तासभर हेच?"

"तासभर हेच."

"मग बरं झालं," सर म्हणाले. "उठवलं नाय ते बरं झालं."

मी मान हलवली. मग त्यांना ती दिसत नाही हे लक्षात आलं, म्हणून मोठ्याने म्हणालो, "हो सर. बरं झालं."