शालीखालचा सौदा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मागाहून चहा अंगावर सांडला म्हणून मला बोल लावू नका. आणि सगळं ऐकून "शेठ, चुकलंच तुमचं" असं कुणाला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. मी भांडायला तयार आहे.

कोरेगावात माझं सरकी-पेंडीचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण बैलबाजारात झालं. तिथं सौदा तोंडानं होत नसतो. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. मुठीत जितकी बोटं आली तितका आकडा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस मी, म्हणजे काय सवय असेल ती बघा.

असा मी एका सेवाभावी क्लबात शिरलो. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण फोटोचा भारी नाद. वृक्षारोपणाला रोपापेक्षा बॅनर उंच.

त्या महिन्याच्या बैठकीला पाहुणे होते एक निवृत्त सुभेदार. गावाबाहेर पोल्ट्रीच्या जुन्या शेडमध्ये ते जखमी, मोकाट कुत्री सांभाळतात. कुणी गाडीखाली सापडलेलं, कुणावर उकळतं पाणी पडलेलं. उजवा हात खिशात घालून ते शांतपणे बोलत होते. शेडचा मालक जागा परत मागतोय. नवी जागा मिळाली, पण लहान. दहा-बारा कुत्र्यांना आठवड्यात घरं मिळाली नाहीत, तर ती पुन्हा रस्त्यावर.

अध्यक्षांनी लगेच तोडगा काढला. नव्या जागेवर क्लबचा मोठा फलक, कुत्र्यांसोबत सामूहिक फोटो आणि सुभेदारांना प्रमाणपत्र.

माझ्यानं राहवेना. उठलो आणि म्हटलं, "डॉक्टर, फलक कुत्रं खातंय का त्यावर झोपतंय?"

डॉक्टर हसून म्हणाले, "मग शेठ, तुम्हीच न्या की एखादं घरी."

सगळी सभा माझ्याकडं वळली. आता आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, घरात मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. "प्रश्न क्लबाचा हाय, माझा न्हाई," असं काहीतरी बोलून मी खाली बसलो. उत्तर लंगडं होतं, ते मलाही कळत होतं.

डॉक्टरांनी बरोबर डाव साधला. म्हणाले, एवढी कळकळ आहे तर पाहुण्यांना शाल शेठच घालतील.

घातली. शाल मोठी, सुभेदारांच्या खांद्यावरून तिचा पदर थेट आमच्या हातांवर आला. त्याच वेळी सुभेदारांनी हात मिळवायला खिशातला हात पुढं केला. वर कापड, खाली हात! आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

मुठीत बोटं आली, मी मोजली. तीन.

म्हटलं, गडी बाजारातला दिसतोय. चारचौघांत माझी अब्रू न घालवता गुपचूप विचारतोय, तीन कुत्री नेता का? मी त्याच्या हातात एक बोट दिलं. परत माझ्या मुठीत तीन. मी दोन केली. परत तीन. चेहऱ्यावर नुसतं हसू, आणि आकडा तसूभर हलत नाही. फोटोवाला इकडं बघा म्हणतोय, शालीखाली आमची झटापट चाललेली. पुढच्या रांगेतल्या वहिनींनी शेजारणीला विचारलं, पाहुण्यांना शाल टोचतीय काय.

तेवढ्यात डॉक्टर माईकवरून म्हणाले, "शेठ, कुत्री राहू द्या, निदान पाहुण्यांचा हात तरी सोडा."

सभा खदखदली आणि माझं डोकं फिरलं. माईक हिसकावला. "तीन न्हवं, सुभेदार? घेतली. तीन कुत्री माझ्या घरी येनार. आता हसनाऱ्यांनी आपापला आकडा बोला."

हशा जागच्या जागी थांबला. मग एकेक हात वर होऊ लागला. शेवटी डॉक्टरांनीही एक पत्करलं, त्यांच्याच फोटोवाल्यासमोर. रस्त्यावर जायला एकही कुत्रं उरलं नाही.

चहाला सुभेदार शेजारी येऊन बसले. "लय मोठं मन हाय शेठ तुमचं. पर तीनच का?"

"आवं, तुमीच बोटं दिली की."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी नव्हतीच. नोकरीत असताना बर्फानं नेलेली.

"मला वाटलं तुमच्या क्लबात असाच रामराम करत्यात," ते म्हणाले. "करंगळी शाबूत असती तर चार न्यावी लागली असती की वो."

मग एकच न्या, असंही म्हणाला भला माणूस. मी ऐकलं नाही. तीन म्हणजे तीन. आजही म्हणतो, सौदा बरोबर झाला.

तिन्ही कुत्री घेऊन दारात उभा राहिलो. मंडळींनी कंबरेवर हात ठेवून सगळी हकीकत ऐकून घेतली. मग आत जाऊन भाकरी आणली आणि तिचे तुकडे करत विचारलं, "त्या सुभेदाराला काय ठावंच नव्हतं म्हना की."

"न्हाई."

"म्हंजे तुमी एकट्यानंच घासाघीस केली," ती म्हणाली, "आन् त्यातबी हरलासा."