तुंगाबाईंचं 'अल्ल'

एकसष्टाव्या वर्षी माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या तुंगाबाईंनी एम.ए.ला नाव घातलं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करून दिले, त्यातले निम्मे तर टाइप करताकरताच सुधारून दिले. आता म्हणे स्वतःचं काहीतरी लिहायचं! आणि सेमिनारला विषय काय निवडावा? वक्तृत्वशास्त्रातला मनुष्यस्वभावाचा सिद्धांत. तो लावायचा कशाला, तर 'वादळराव' नावाच्या सुपरहिरोच्या सिनेमाला. घ्या!

सिद्धांत तसा सोपा. माणूस म्हणजे 'नाही' म्हणू शकणारा प्राणी. निसर्गात 'नाही' नसतंच मुळी. शेवग्याच्या झाडाला जन्मभर विचारत बसा, 'मी आंबा नाही' असं काही ते सांगणार नाही. 'नाही' फक्त शब्दांत असतं आणि शब्द फक्त आपल्याकडे. हे वाचल्यापासून बाईंना नुसतं भरतं आलं होतं. भाजीवाल्याने "कोत्तंबरी इल्ला अम्मा" म्हटलं, तरी कोथिंबीर मिळाली नाही याचाच त्यांना आनंद व्हायचा.

सिनेमा मराठी होता. सून मृण्मयी पुण्याची, तिनेच लॅपटॉपवर लावून दिला होता. शेवटी खलनायक गच्चीवर उभा राहून गर्जतो, "मीच तुमचा देव!" आणि खालून सगळं शहर ओरडतं, "अल्ल! अल्ल!" तुंगाबाई खुर्चीतच उडाल्या. नाही! तू देव नाहीस! अख्ख्या शहराने एका सुरात दिलेला नकार! यापेक्षा मोठा पुरावा कुठे मिळायचा? वीसच्या वीस पानं त्यांनी त्या एका शब्दावर रचली.

सेमिनारच्या दिवशी सकाळी इडली खाताखाता त्यांनी सुनेला तो भाग वाचून दाखवला. मृण्मयीने हातातली चटणीची वाटी खाली ठेवली.

"अहो आई, लोक 'आला' म्हणतात. आला, आला! मागून वादळराव उडत येतो ना!"

"छे गं! अल्ल म्हणतात. स्वच्छ ऐकू येतं."

"पण मराठीत 'अल्ल' असा शब्दच कुठे आहे?"

"नाही कसा? आमच्याकडे सगळे म्हणतात की! हे माझं अल्ल, ते तुझं अल्ल..."

बोलताबोलता बाई थांबल्या. चार पिढ्या म्हैसुरात काढलेलं घर. कुठला शब्द मराठी आणि कुठला कन्नड, हे निवडत बसायला कुणाला वेळ होता? अय्यो रामा! 'अल्ल' कन्नड! मिक्सर चालू ठेवून सिनेमा पाहिला त्याचं हे फळ. बरं, परीक्षक कोण? शरदचंद्र सर, मूळचे साताऱ्याचे. एखादे इथले कन्नड सर असते तर खपूनही गेलं असतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

सेमिनार बुडाला की वर्ष बुडालं, आणि पुढच्या वर्षी गुडघे कॉलेजचे तीन जिने चढतील याची हमी कुणी द्यायची?

"बरं वाटत नाही म्हणून कळवूया का?" मृण्मयीने हळूच विचारलं.

"ठणठणीत तर आहे मी," म्हणत बाईंनी पदर खोचला आणि रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्या मात्र, त्यांना एकदम हसू फुटलं. वीस पानं! तळटीपांसकट! एका 'आला'वर! त्या हसत सुटल्या, डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या. रिक्षावाल्याने घाबरून आरशात पाहिलं. "चेन्नागिद्दीनप्पा, बरी आहे मी," असं त्याला सांगता सांगता त्यांना उचकी लागली.

चौदा पानं ठीक पार पडली. मग पडद्यावर ते दृश्य आलं. "मीच तुमचा देव!" "आला! आला!" शरदचंद्र सरांच्या भुवया वर चढल्या. बाईंनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"सर, इथे माझी चूक झालीय. लोक म्हणतायत, तो आला. मी ऐकलं, तो नाही. आमच्या घरची मराठी कन्नडात भिजलेली आहे, त्याला काय करणार?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, आणि हसताहसताच त्यांना सुचलं. "पण सिद्धांत खोटा पडत नाही हं, सर! सिनेमात 'नाही' नव्हतंच. मग ते आलं कुठून? मी आणलं. नसलेलं 'नाही' ऐकणारा प्राणी तुमच्यासमोर उभा आहे!"

सर गालात हसले आणि मराठीत म्हणाले, "ते पटलं. पण तुंगाबाई, एवढं 'नाही' तुम्हाला ऐकायचं का होतं?"

बाईंची जीभ आज मोकाट सुटली होती. "बी.ए.ला मला पहिला वर्ग होता, सर. एम.ए.चा अर्ज भरून ठेवला होता. त्याच आठवड्यात बघायला पाहुणे आले. वडील त्यांना म्हणाले, 'आमच्या तुंगीला पुढे शिकायची हौस नाही.' मी तिथेच कॉफीचे पेले घेऊन उभी होते. अल्ल म्हणता आलं नाही मला."

सरांनी मान खाली घालून कागदावर आकडा लिहिला, चष्मा पुसला.

"गुण दिलेत मी. चांगले दिलेत," ते म्हणाले. "पुरे आता. बसा."

"नाही सर," तुंगाबाई म्हणाल्या, "अजून सहा पानं आहेत."