बैलबाजारातला सामना

"तोंड काय बघता, पाय बघा," असं म्हणत चाचा गिऱ्हाइकाची मान धरून खाली वाकवायचे. तुमच्यापैकी कुणी घोडेगावच्या बाजारात बैल घेतला असेल, तर त्याच्या मानेला या दलालाचा हात अजून आठवत असेल. माझ्या वडिलांच्या मानेला तर तो नक्कीच आठवत होता. आमची पहिली बैलजोडी चाचांनीच मिळवून दिली. पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. तेव्हा चाचांनी मलाही पायापासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वडिलांना म्हणाले, "ह्याला आता औताला जुपू नका. ह्यो दुसऱ्या कामाचा हाय."

त्यांच्या त्या शिफारशीवर मी शिक्षक झालो असं मी अजून मानतो. गावच्याच हायस्कूलमध्ये लागलो, आणि खेळाचा तासही माझ्याकडे आला. त्या तासाला चाचांची नात असायची.

चाचांच्या गोठ्यात वासरं उधळली की ही पोर दोन्ही हात पसरून दारात उभी राहायची. एकही वासरू बाहेर जात नसे. मी तिला फुटबॉलच्या गोलात उभं केलं, माझं कर्तृत्व तेवढंच. तालुका, जिल्हा, राज्य असं करत ती सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात गेली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा परदेशात होती. तिचा बाप म्हणाला, पोर एकटी कशी जाणार? चाचांनी त्याला सांगितलं, एकटी कुठं, अख्खा देश हाय की बरोबर. बाप तयार झाला, पण एक अट घालून. एवढ्या लांब जाऊन नुसतं बसून आली तर खेळ बंद, दहावीचा अभ्यास आणि घर.

पहिल्या सामन्यात ती बाकावर बसली. दुसऱ्यातही बाकावरच. बाजाराच्या कडेला चहाचं हॉटेल होतं, तिथल्या टीव्हीवर आम्ही सामने बघायचो. हॉटेलवाला चाचांना डिवचायचा, "चाचा, नात खेळाया गेलीय का पाणी द्यायला?"

"दावणीला बांधला म्हनून बैल म्हातारा हुत न्हाई," चाचा म्हणायचे. "जुपतील तवा बघ."

पण दुसऱ्या सामन्यानंतर घरी जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, खेळवतील ना हो?"

मी हो म्हणालो. माझ्या हो म्हणण्याला काही आधार नव्हता.

तिसरा सामना नेमका बाजाराच्या दिवशी आला. चाचा बाजार सोडणारे नव्हते. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी हॉटेलात बसलो. आपला संघ एका गोलाने मागे होता. अर्धा सामना झाला आणि आपली गोलरक्षक पाय धरून खाली बसली. कॅमेरा बाकाकडे वळला. चाचांची नात हातमोजे चढवत होती. मी चहा तसाच ठेवून पळालो.

चाचा मिरजगावच्या एका शेतकऱ्याशी सौद्यात होते. दोघांचे हात रुमालाखाली. तिथली रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही, बोटं दाबून सांगायचा. सौदा ठरेपर्यंत किंवा मोडेपर्यंत हात काढायचा नाही. मधेच हात काढला तर शब्द गेला, आणि चाचांचा शब्द कधी गेला नव्हता. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी बैलाकडे पाहिलं, शेतकऱ्याकडे पाहिलं.

"चला पाव्हनं," ते म्हणाले आणि रुमालासकट, हातासकट त्या माणसाला घेऊन निघाले.

शेळ्या, टेम्पो, कडब्याच्या पेंढ्या ओलांडत दोघं हात धरून हॉटेलात शिरले. आत लोक उठून उभे राहिले होते. दाराशी तिचा बापही होता, तो कधी आला कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन एकटीच आत घुसली. आपली पोर हात पसरून पुढे आली आणि चेंडू तिच्या छातीवर आदळून बाहेर गेला. हॉटेल दणाणलं. त्यात मिरजगावकर वेगळंच ओरडत होता, "चाचा, लई झालं हो, एवढ्यात दोन बैल येतील."

चाचांनी त्याची पाचही बोटं आवळली होती. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "ते दाबनं माझं हुतं, बैलाचं न्हाई. भावात धरू नका."

पुढे तिच्यावर एक गोल झाला. आपण हरलो आणि स्पर्धेतून बाहेर पडलो. हॉटेलवाला काहीतरी पुटपुटला, चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिथंच उभ्याउभ्या त्यांनी मघाच्याच भावात सौदा पुरा केला आणि मगच रुमाल काढला. तिचा बाप माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "सर, पुढचं शिबिर कधी असतं?"

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. नात शेवटच्या चार दिवसांत त्यांच्या उशाशी होती. पण चाचा म्हटलं की मला ती परतून आली त्या दिवसाची संध्याकाळ दिसते. शाळेच्या मैदानावर मुली तिच्याभोवती जमल्या होत्या. चाचांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि तिला गोलात जायला सांगितलं.

चेंडू गडगडत, वळत, रमतगमत निघाला. "सोड गं, चाचांचा आहे," मुली कुजबुजल्या. ती वाकली, दोन्ही हातांनी चेंडू उचलला आणि छातीशी धरला.

"बघा," चाचा आम्हा सगळ्यांना म्हणाले, "माझाबी अडिवला." आणि दुसरा मारण्यासाठी त्यांनी चेंडू परत मागितला.