भजनातले बाबा

मंडळी, घरच्या सर्व्हरची डिस्क भरली म्हणून परवा मी टीव्हीवरची जुनी रेकॉर्डिंग कॉम्प्रेस करून लहान केली आणि मूळ फाइली उडवल्या. क्रिकेटच्या मॅच तेवढ्या चकाचक ठेवल्या. अक्कल ही अशी.

आज अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांचं पान वाढलं की आई दरवर्षी वारलेल्या बाबांचं भजन बघते. बाभुळगावच्या केबलवर आलं होतं ते. लावलं, तर अख्ख्या भजनी मंडळाच्या चेहऱ्यांचे नुसते चौकोन.

"यातले तुहे बाबा कोणते रे?"

बाबा कुठे बसले होते, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"हे, पेटीजवळचे." मी अंदाजाने बोट ठेवलं.

आईनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

कोणाकडे मूळ रेकॉर्डिंग आहे का? आईनं आज कोणाला नमस्कार केला, मला माहीत नाही.