ओव्याचं पाणी

शीतलचा फोन आला तेव्हा कुकरची शिट्टी व्हायची होती. “मामी, आई गेली,” एवढंच ती बोलली आणि पलीकडं रडायला लागली. मी आधी गॅस बंद केला, मग ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही, खोटं कशाला लिहू? डोक्यात पहिला विचार आला तो असा, की गेली का ही... माझं उत्तर न देताच गेली! शीतल माझ्या नणंदेची मुलगी, आणि ही नणंद म्हणजे आमच्या आक्का. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्तीनंतर पडेगावला राहायची, आणि शाळा सुटली तरी तिची छडी काही सुटली नव्हती. वयानं मोठी म्हणून जन्मभर मी तिला अहो-आक्का, या-आक्का केलं. इथं मात्र अगं-तुगंच करणार आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांनी पान उलटावं.

पडेगावला तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, मांडव भरून माणसं आली होती. एक गृहस्थ माइक धरून म्हणाले, आक्का म्हणजे मायेचा सागर. मनात आलं, या सागरात एकदा पाय घालून बघायचा होता बाबा तुम्ही. दुसऱ्यानं सांगितलं, त्यांनी कधी कुणाला शब्दानं दुखावलं नाही. तेव्हा मात्र मी पदर तोंडाशी धरला, लोकांना वाटलं हुंदका आला. शेवटी “आता वहिनी दोन शब्द बोलतील” असं कुणीतरी परस्पर जाहीर करून टाकलं. मी बसल्या जागेवरून मान हलवली. “वहिनी दुःखात आहेत,” असं म्हणत त्यांनी वेळ मारून नेली. दुःखात कसली, मी रागात होते. तिथं तोंड उघडलं असतं तर मांडवाचा रंगच बदलला असता, म्हणून गप्प बसले. ते दोन शब्द आता इथं लिहिते आहे, आणि ते दोनच नसणार.

माझा नवरा मधुकर हा आक्काचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यानं तिनंच त्याला वाढवलेला, त्यामुळं तो माझा नवरा आहे ही गोष्ट तिनं कधी मनापासून मानलीच नाही. पुंडलिकनगरला आमच्या घरी येऊन ती मला विचारायची, “माझा भाऊ जेवला का?” अगं बाई, तुझा भाऊ माझ्याच ताटात जेवतो! तो शेंद्र्याला कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. एका पहाटे उठून बसला, म्हणाला, छातीत जळजळतंय, रात्रीचं भरीत बाधलं बहुतेक. मी ओवा उकळून त्याचं पाणी दिलं. आमच्याकडं पोट-छातीच्या जळजळीला हेच देतात, त्याची आईसुद्धा हेच द्यायची म्हणे. तो ते घोट-घोट प्याला, “बरं वाटतंय गं” म्हणाला, आणि रिक्षा येईपर्यंत संपला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, “अटॅक मोठा होता, माझ्या दारात आला असता तरी माझ्या हातात काही नव्हतं.” पण आक्का आली ती तडक उंबऱ्यातूनच ओरडत आली. सगळी गल्ली, त्याच्या कारखान्यातली माणसं, माझ्या माहेरचे, सगळ्यांच्या देखत तिनं माझ्याकडं बोट केलं. “हिनं ओव्याचं पाणी पाजून माझा भाऊ मारला!”

लोक म्हणाले, दुःखाच्या भरात माणूस बोलून जातो. बोलून जातो, कबूल. पण भर ओसरल्यावर परत घेतो की नाही? तिनं घेतलं नाही. आणि गल्लीतल्या बाया पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं बघून आवाज खाली करायच्या. तेव्हापासून माझं आक्काकडं एकच मागणं होतं, की जे चार लोकांत बोललीस ते चार लोकांत परत घे. एका वाक्यानं भागलं असतं.

त्यातच थायलंडची ती सहल आली. आमच्या भागातले एक निवृत्त सर दरवर्षी बौद्ध स्थळांच्या सहली काढतात. मधुकरनं आमच्या दोघांची नावं त्यात घातली होती. अयुत्थया म्हणून तिथली जुनी राजधानी आहे, लढाईत उद्ध्वस्त झालेली. तिथं बुद्धाचं एक दगडी मस्तक झाडाच्या मुळांत गुंतून बसलंय. त्याचा फोटो मधुकरनं कुठल्या तरी कॅलेंडरमधून कापून स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवला होता. ते मस्तक बघायचं, एवढीच त्याची परदेशाची हौस. तो गेल्यावर मी सरांना सांगायला गेले की आमची नावं काढा, तर सर म्हणाले, “मधुकररावांच्या जागी आक्का येते म्हणाल्यात की.” मला विचारलंसुद्धा नाही! श्रीलंकेच्या सहलीच्या वेळचा पासपोर्ट तयारच होता बाईसाहेबांचा. मी घरी आले, मनाशी म्हटलं, नवऱ्याची जागा हिला फुकट द्यायची आणि आपण घरात बसायचं? मुळीच नाही. मग मीही गेले.

बँकॉकच्या हॉटेलात सरांनी आम्हा दोघींना एकाच खोलीत टाकलं, “घरचीच माणसं” म्हणून. आक्काला एसी सोसायचा नाही, मला बंद खोली सोसायची नाही. ती घोरायची आणि सकाळी मलाच म्हणायची, “लई घोरतीस गं तू.” बाहेर पडलं की वेगळाच तमाशा. पहुडलेल्या बुद्धाच्या त्या प्रचंड सोनेरी मूर्तीपुढं मी उभी होते, पायाच्या तळव्यांवर शिंपल्यांची नक्षी आहे, ती बघत होते, तर मागून हिचं सुरू, “एवढं सोनं कशाला पाहिजे? ज्यानं राजवाडा सोडला त्याला?” लोक मूर्तीला सोन्याचा वर्ख लावताना दिसले की ही कपाळाला आठ्या घालणार. आमचा थाई गाइड सोम्चाई, बिचारा हसतमुख, भारतीय प्रवाशांमुळं मोडकं हिंदी शिकलेला. त्यानं गळ्यातला बुद्धाचा ताईत कौतुकानं दाखवला, तर ही त्याला म्हणाली, “बेटा, ताईत पहनना बुद्ध ने नहीं सिखाया. निकाल दे.” तो हसून “हां मम्मी, हां मम्मी” म्हणाला आणि ताईत शर्टाच्या आत सरकवला. तिचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं, ते मी नाकारत नाही. आपल्याला हेच शिकवलंय, मलाही ते पटतं. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणं म्हणून जाऊन त्याच्या देव्हाऱ्याची झाडाझडती कोण घेतं?

अयुत्थयाला जायच्या दिवशी आम्ही बायकांनी, विहारात कार्यक्रमाला नेसतो तशा, पांढऱ्या साड्या नेसल्या. आमची कल्पना ही, की आपला धम्माचा वेश आहे, तो तिथंही चालेल. तिथं पांढरं नेसणाऱ्या बाया म्हणजे व्रत घेऊन मठात राहणाऱ्या, हे कुणाला ठाऊक! बसमधून उतरलो तशा तिथल्या म्हाताऱ्या हात जोडून वाकायला लागल्या, एकीनं तर आक्काला कमळाची कळी दिली. आम्ही लाजून गोऱ्यामोऱ्या झालो. आक्का मात्र हेडबाई त्या हेडबाई, सगळ्यांचे नमस्कार हजेरी घेतल्यासारखी घेत पुढं चालली.

मुळांतल्या त्या मस्तकापुढं एक पहारेकरी उभा असतो. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम. मस्तक जमिनीलगतच आहे. मी साडी सावरून बसले. आक्का उभीच. पहारेकऱ्यानं खुणेनं सांगितलं, सोम्चाईनं विनवलं, “मम्मी, नीचे, थोडा नीचे.” “मी बसत नसते,” ती म्हणाली. “बुद्धानं कुणाला वाकायला नाय सांगितलं.” गुडघे दुखत होते तेही खरं, पण गुडघ्याचं नाव ती मेली तरी काढणार नव्हती. शेवटी तिला बाजूला व्हावं लागलं. त्या फोटोत मी आहे, मागं ते शांत दगडी तोंड आहे, आणि कडेला आक्काच्या साडीचा काठ आणि तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मी उठले तेव्हा ती अजून तिथंच बघत होती. “मधू पटकन बसला असता,” ती म्हणाली. मला वाटलं, आता बोलेल. ते परत घ्यायला याहून बरी जागा तरी कोणती होती... पण तिनं नाक शिंकरलं आणि “चला, ऊन लागतंय” म्हणून वळली.

तिथून आम्हाला जवळच्या एका नांदत्या विहारात नेलं. आत एका कुटुंबाचा मेलेल्या माणसासाठी विधी चालला होता. पांढऱ्या साड्या बघून त्यांनी आम्हाला पुढंच बसवलं, आक्काला स्टूल दिलं. भिक्खू त्रिसरण म्हणायला लागले. उच्चार वेगळे, आपल्या ‘बुद्धं’चं त्यांचं ‘फुत्थं’, पण शब्द तेच, चाल ओळखीची! आक्कानं आवाज लावला, मीही लावला, आणि त्या लोकांनी माना वळवून अशा काही कौतुकानं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला. मग पाणी सोडायची वेळ आली. पितळेची चिमुकली झारी असते, भिक्खू म्हणत असताना त्यातलं पाणी बारीक धारेनं वाटीत सोडायचं, गेलेल्या माणसाला आपलं पुण्य मिळावं म्हणून. एकजण सोडतो, आणि बाकी घरचे त्याचं कोपर धरतात, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक होतं. शेजारच्या म्हातारीनं जास्तीची झारी आक्काच्या हातात ठेवली. सोम्चाईनं अर्थ सांगितला. आता ही ‘अंधश्रद्धा’ म्हणून झारी परत करणार, असं मला वाटलं. तिनं डोळे मिटले आणि धार धरली. “मधू...” एवढं मला ऐकू आलं. म्हातारीनं माझा हात उचलून आक्काच्या कोपरावर ठेवला. आक्कानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि कोपर झटकलं. “तू नको.” पाणी सांडलं. म्हातारी बावरली, तिला वाटलं आपलंच काही चुकलं.

त्यानंतर औरंगाबादच्या बसमध्ये बसेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. (हो, औरंगाबादच. गावाचं नाव बदललं तरी माझ्या तोंडातलं बदलायला वेळ लागेल.) विहाराबाहेरच्या दुकानात तिनं तसलीच एक झारी आणि वाटी विकत घेतली होती. त्या बसमध्ये ती तिच्या पिशवीतून डोकावली, तेव्हा न बोलायचं ठरवलं होतं तरी माझ्या तोंडून निघालंच, “आता ही अंधश्रद्धा नाही का?” तर म्हणते कशी, “लवंगा ठेवायला घेतली. तुला काय करायचंय?”

पुढं ती आजारी पडली, मी डबे नेले, उशाशी बसले. माझं कर्तव्य मी सोडलं नाही आणि तिनं हेका सोडला नाही. शेवटच्या भेटीत तिनं डाळीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. नंतर बराच वेळ माझ्या हाताकडं बघत पडून राहिली. मी उठले, “येते आक्का” म्हटलं. “व्हय, ये,” एवढंच.

पुण्यानुमोदन आटोपल्यावर शीतल माझ्या घरी आली. पिशवीत जुन्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती झारी आणि वाटी. लवंगांचा वास कुठंच नव्हता. “मामी, आईनं सांगून ठेवलंय, माझ्या नावानं पाणी मामीच्या हातानं सोडायचं. दुसऱ्या कुणाच्या नको.”

“का? मीच का?” मी विचारलं.

शीतलनं झारी माझ्यापुढं सरकवली. “आई म्हणाली, ‘माझ्या मधूच्या पोटात शेवटचं पाणी गेलं ते तिच्या हातचं. मी त्याला लहानाचा मोठा केला, पण मला ते नाय मिळालं. तिला मिळालं.’”

मला इतका संताप आला की बिचाऱ्या शीतललाच मी फाडफाड बोलले. हे तुझ्या आईला मला तोंडावर सांगता आलं नाही? मारला म्हणून ओरडायला उंबऱ्यात उभी राहिली, आणि हे सांगायला पोरीच्या कानाशी लागली? त्या गल्लीतल्या बायांना कोण सांगणार आता, की आक्काला माझ्या ओव्याच्या पाण्याचा हेवा वाटत होता, हेवा! शीतल रडत गेली. मग मला तिचं वाईट वाटलं, आक्काचं अजून नाही. पण काम तर तू माझ्यावरच टाकून गेलीस ना आक्का, तर घे. तू चार लोकांत बोलली होतीस, मी पेपरात लिहिलं. माझ्या हातचं पाणी पिऊन मधुकर मेला नाही. माझ्या हातचं पाणी पिऊन त्याला बरं वाटलं होतं, तसं तो म्हणाला होता.

झारी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. रोज सकाळी ती भरते आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत बारीक धारेनं पाणी सोडते. हे आक्कासाठी नाही, असं मोठ्यानं म्हणते, झाड वाळायला नको म्हणून आहे. शेजारीण ऐकते आणि हसते. परवा तीच म्हणाली, “काकू, एवढीशी तर झारी, तिला दोन हात कशाला?” मी खाली बघितलं. उजव्या हातात झारी होती, आणि डाव्या हातानं मी माझंच कोपर घट्ट धरलं होतं.